पेटी कोणती, हा प्रश्न नंतरचा

इंदूरच्या रामबागेतून एका वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात: "काका, आजोबांनी १९९५ साली घेतलेली कॉन्टेसा क्लासिक आता माझ्याकडे आली आहे. तिचे १८१७ सीसीचे इसुझू इंजिन गेल्या वर्षी पूर्ण उघडून बांधले, हेडचे पोर्ट मोकळे करून घेतले आणि जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट बसवला. कार्बोरेटर मात्र या इंजिनाशी काही केल्या जुळत नाही. सकाळी चोक ओढून दहा मिनिटे थांबावे लागते आणि मे महिन्यात मानपूरच्या घाटात गाडी बंद पडली, तेव्हा बोनेट उघडून पाऊण तास रस्त्याकडेला उभे राहावे लागले. म्हणून त्याच्या जागी पेट्रोल फवारणारे इंजेक्शन बसवायचे ठरवले आहे. अमेरिकेतला मावसभाऊ तिकडचा 'स्वतः शिकणारा' थ्रॉटल बॉडी किट आणायला तयार आहे. मित्र म्हणतो, मोटरसायकलच्या चार थ्रॉटल बॉडी लाव. मेकॅनिक म्हणतो, साधे चार इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये बसवू. दोन लाखांच्या आत काम व्हावे, १२० हॉर्सपॉवर मिळावी, आणि गाडी रविवारी घरच्यांना घेऊन महेश्वरला जाण्यासारखीही राहावी. कोणता ईसीयू घेऊ?"

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे महेश्वरचा उल्लेख, कारण निम्मे उत्तर त्या एका वाक्यात आहे. जी गाडी फक्त शर्यतीसाठी असते तिला आयडलिंग नीट नसले तरी चालते, थंडीत दोनदा स्टार्टर मारावा लागला तरी चालते आणि पेट्रोल किती खाल्ले हे कोणी विचारत नाही. ज्या गाडीत मागच्या सीटवर आई बसणार आहे, तिला यांतले काहीच चालत नाही. तेव्हा तुम्हाला शर्यतीची नव्हे, तर रोज चालेल अशी जोमदार गाडी हवी आहे असे धरून मी पुढचे लिहितो आहे.

शेवटचा प्रश्न, म्हणजे इंधन आणि ठिणगी ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, ईसीयू, कोणती, तो मी मुद्दाम बाजूला ठेवतो. आज बाजारात मिळणारे बहुतेक स्वतंत्र ईसीयू तुमच्या चार सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला पुरून उरतील. कोणत्याही पेटीत इंजिनाचे ज्ञान भरून येत नाही. किती फेऱ्यांना, किती भाराला किती इंधन द्यायचे आणि ठिणगी किती अंश आधी पाडायची, याचे तक्ते कोणीतरी त्या इंजिनासमोर बसून भरावे लागतात. म्हणून आधी असा माणूस शोधा जो हे तक्ते भरू शकेल, आणि मग त्याला जी पेटी हाताळण्याची सवय आहे ती घ्या. ट्यूनर बंगळुरूचा किंवा कोइम्बतूरचा असला तरी हरकत नाही, पण तो इंदूरला येणार की तुम्ही गाडी ट्रकवर घालून त्याच्याकडे नेणार, हे पैसे देण्याच्या आधी ठरले पाहिजे. त्याने ट्यून केलेली एखादी गाडी आधी चालवून पाहा, किमान तीत बसून या. सकाळी थंड इंजिन सुरू होताना पाहता आले तर उत्तमच. आणि तक्त्यांची फाइल व तिचा पासवर्ड तुम्हाला मिळणार का, हे स्पष्ट विचारा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपकडून काम करून घेतले होते. वर्कशॉपने तक्ते कुलूपबंद करून ठेवले आणि दीड वर्षाने दुकानच बंद झाले. पुढे फ्युएल पंप बदलला तेव्हा दाब थोडा बदलला, एवढ्याशा दुरुस्तीसाठी त्यांना सगळे तक्ते कोऱ्या पाटीपासून पुन्हा भरून घ्यावे लागले.

आता तुमचे तीन पर्याय. अमेरिकन किटपासून सुरुवात करतो, कारण मावसभावाने तिकीट काढले असेल तर तुम्हाला घाई असणार.

होली स्नायपर, फायटेक यांसारखे हे किट मुळात अमेरिकन आठ सिलिंडरच्या इंजिनासाठी केलेले आहेत. कार्बोरेटर काढायचा, त्याच्या जागी त्याच मापाची थ्रॉटल बॉडी, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचे घर, बसवायची. इंजेक्टर आणि बरेचसे सेन्सर तिच्यातच असतात आणि ईसीयूही तिलाच चिकटलेला असतो. साडेपाच लिटरच्या इंजिनावर ही सोय खरोखर छान आहे. स्नायपरच्या चार बॅरलच्या मूळ आवृत्तीतले इंजेक्टर ६५० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाला पुरतील इतके मोठे असतात. तुम्हाला हवी आहे १२०. म्हणजे आयडलिंगला ते इंजेक्टर इतक्या अल्प काळासाठी उघडावे लागतील की उघडण्या-मिटण्यातच बराचसा वेळ जाईल आणि मोजमाप डळमळेल. दोन बॅरलची लहान आवृत्तीही मिळते, पण तिच्यानेही मुख्य अडचण सुटत नाही: पेट्रोल कार्बोरेटरच्याच जागी पडते आणि तिथून मॅनिफोल्डच्या वाकड्यातिकड्या वाटेने चार सिलिंडरपर्यंत जाते. थंडीत ते भिंतींना चिकटते, वळणावर एका बाजूला जास्त जाते, आणि शेवटच्या सिलिंडरला मधल्यापेक्षा वेगळे मिश्रण मिळते. कार्बोरेटरच्या ज्या दोषासाठी तुम्ही हा खर्च करणार आहात, त्याचा अर्धा भाग तसाच राहतो.

आणि 'स्वतः शिकणारा' या शब्दांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. हा किट शिकतो म्हणजे काय करतो? एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवरून उरलेला प्राणवायू मोजतो आणि ठरवून दिलेल्या आकड्याशी तुलना करून इंधन कमी-जास्त करतो. एवढेच. ठिणगीची वेळ तो शिकत नाही, कारण ठिणगी योग्य वेळी पडली की नाही हे त्या सेन्सरला कळण्याचा मार्गच नाही. तुम्ही पोर्ट आणि कॅम बदलल्यानंतर या इंजिनाची ताकद जितकी इंधनात आहे तितकीच ठिणगीच्या वेळेत आहे, आणि ती वेळ डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एकेक अंश सरकवत, टॉर्क बघत आणि नॉकिंगचे, म्हणजे अवेळी जळण्याचे ठोके ऐकत ठरवावी लागते.

दुसरी गोष्ट, इंधनाच्या बाबतीतही हे शिक्षण कधी कधी उलटे होते. एखादा सिलिंडर मिस मारू लागला तर त्यातला न जळलेला प्राणवायू एक्झॉस्टमध्ये जातो. सेन्सरला वाटते की मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे. ईसीयू आणखी पेट्रोल ओततो. प्लग आणखी ओले होतात आणि मिसिंग आणखी वाढते. तुमच्या जास्त लिफ्टच्या कॅमचा ओव्हरलॅपही मोठा असेल तर आयडलिंगला दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात आणि ताजी हवा सरळ एक्झॉस्टमध्ये निसटते, तिथेही हाच घोटाळा होतो. एक्झॉस्टच्या जोडावर सेन्सरच्या आधी बारीकशी गळती असली तरी पुरते. तेव्हा मावसभावाला सांगा, किट राहू दे, येताना बॉशचा एलएसयू ४.९ वाइडबँड सेन्सर आण. तो खिशात मावतो आणि कोणत्याही पर्यायात कामाला येतो.

मोटरसायकलच्या चार थ्रॉटल बॉडी दिसतात सुंदर, वाजतात त्याहून सुंदर, आणि पायाखालचा प्रतिसाद इतका तीक्ष्ण असतो की एकदा चालवलेला माणूस दुसरे काही बोलत नाही. तुमचा मित्र खोटे सांगत नाही. पण तुमच्या गाडीसाठी मी तो पर्याय नाकारतो, आणि त्याचे कारण महेश्वरच्या वाटेवरच्या जाम गेटच्या घाटात आहे.

ईसीयूला सिलिंडरमध्ये किती हवा गेली हे कळावे लागते. त्याचा एक मार्ग म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणे. बॉशची डी-जेट्रॉनिक ही मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली १९६७ साली फोक्सवॅगन १६०० मध्ये आली, तीही दाबावरच चाले, आणि तिच्या नावातला 'डी' म्हणजे दाबासाठीचा जर्मन शब्द 'ड्रुक'. चार स्वतंत्र थ्रॉटल असले की प्रत्येक नळीतला दाब झटक्याझटक्याने वरखाली होतो, आणि थ्रॉटल जरासा उघडताच तो बाहेरच्या हवेच्या जवळ जाऊन बसतो. त्यावरून भार ओळखणे अवघड होते. म्हणून अशा इंजिनाला बहुधा थ्रॉटल किती अंश उघडला आहे आणि फेऱ्या किती आहेत, एवढ्यावरच इंधन देतात. ही पद्धत हवेची घनता स्वतः मोजत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. महेश्वर सुमारे १५० मीटरवर, तिथे तो ९९ च्या पुढे जातो. इथे ट्यून केलेली गाडी घाट उतरून नर्मदेकाठी पोहोचली की तितक्याच उघडलेल्या थ्रॉटलमधून चार-पाच टक्के जास्त हवा आत घेते, पेट्रोल मात्र इंदूरच्या हिशेबाचेच मिळते, आणि गाडी लीन चालू लागते. वेगळा बॅरोमीटर सेन्सर लावून हे सांभाळता येते, पण त्यावर चार फुलपाखरांचे, म्हणजे थ्रॉटलच्या चकत्यांचे, सिंक्रोनायझेशन, त्यांची झिजलेली स्पिंडले, आयडल व्हॉल्व्हसाठी वेगळी नळ्यांची जाळी आणि माळव्याची काळ्या मातीची धूळ गाळील असा चारही तोंडांवरचा एअर क्लीनर, हे सगळे येते. एअर क्लीनरशिवाय उघड्या तुताऱ्या लावून महेश्वरला जाऊन आलेल्या गाडीच्या सिलिंडरचे बोअर मी पाहिले आहेत. त्यावर नख फिरवले तर ओरखडे लागतात.

उरला तुमच्या मेकॅनिकचा पर्याय, आणि माझे मत त्याच्याच बाजूला आहे. सध्याचाच इनटेक मॅनिफोल्ड ठेवायचा, त्याच्या चारही नळ्यांवर इंजेक्टरचे बॉस, म्हणजे इंजेक्टर बसण्याच्या जाड खोबण्या, वेल्ड करायचे, कार्बोरेटरच्या जागी ॲडाप्टर प्लेटवर एकच ५० ते ५५ मिलिमीटरची थ्रॉटल बॉडी बसवायची आणि मॅनिफोल्डच्या पोटातून दाबाचा सेन्सर घ्यायचा. मॅनिफोल्डमधून फक्त हवा जाते, पेट्रोल थेट इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडते, चारही सिलिंडरना सारखे मिश्रण मिळते. १२० अश्वशक्तीला एक थ्रॉटल कुठेही कमी पडत नाही.

या कामातली कारागिरी बॉस बसवण्यात आहे. जुन्या कास्ट ॲल्युमिनियममध्ये तीस वर्षांचे पेट्रोल आणि तेल मुरलेले असते. ते नीट धुऊन, तापवून, पुन्हा धुतल्याशिवाय टिग वेल्डिंग केले तर जोडात बारीक छिद्रे राहतात आणि तिथून हवा ओढली जाते. चारही बॉस एका सळईवर ओवून, सळई जागच्या जागी घट्ट धरूनच टाके मारावेत, नाहीतर शेवटी फ्युएल रेल, म्हणजे चारही इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी, तीन इंजेक्टरवर बसते आणि चौथ्यावर तिरकी राहते. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात लेथवर आणि वेल्डिंगवर चांगला हात असलेले लोक आहेत. त्यांना इंजिनाचे हेड सोबत नेऊन दाखवा, म्हणजे इंजेक्टरची धार व्हॉल्व्हच्या पाठीकडे रोखलेली आहे की पोर्टच्या भिंतीकडे, हे डोळ्यांनी पाहून कोन ठरवता येईल.

इंजेक्टर किती मोठे घ्यायचे, याचा हिशेब कागदावर करता येतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागते. १२० अश्वशक्तीला ६० पाउंड. चार इंजेक्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी १५. इंजेक्टर शंभर टक्के वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्क्यांवर थांबायचे असते, म्हणून १५ ला ०.८ ने भागून पावणेएकोणीस पाउंड, म्हणजे मिनिटाला सुमारे २०० सीसी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि त्याला साध्या पेट्रोलपेक्षा साधारण आठ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. म्हणजे २१५ च्या आसपास. तीन बार दाबाला २२० ते २५० सीसीचे, जास्त रोधाचे, म्हणजे बारा ते सोळा ओहमचे इंजेक्टर घ्या. कोणी "पुढे टर्बो लावशील तेव्हा उपयोगी पडतील" म्हणून ४४० चे देऊ लागला तर घेऊ नका. टर्बो लागेल तेव्हा लागेल, आयडलिंग मात्र आजपासून बिघडेल.

पंपाचेही तसेच. तासाला २५५ लिटरचा पंप ही या क्षेत्रातली रूढीच होऊन बसली आहे, पण तुमच्या इंजिनाला पूर्ण भारावरसुद्धा तासाला चाळीस लिटर लागणार नाही. उरलेले दोनशेहून जास्त लिटर पंपातून आणि तापलेल्या रेलमधून फिरून टाकीत परत येते, आणि मे महिन्यात टाकी पाव भरलेली असताना तासाभरात टाकीतले पेट्रोल कोमट होते. तीन बारला शंभर-सव्वाशे लिटर देणारा कारखान्यातूनच इंजेक्शन घेऊन आलेल्या एखाद्या साध्या एमपीएफआय गाडीचा पंप तुम्हाला पुरेसा आहे, आणि तो रात्री अकरा वाजता धामनोदला बिघडला तरी सकाळी मिळण्याची आशा असते. शक्य तर पंप टाकीच्या आतच बसवा. टाकीतल्या पेट्रोलने तो थंड राहतो, आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला गेले तरी कोरडा पडू नये म्हणून त्याच्याभोवती लहानसे भांडे हवे. घाटात जी गाडी बंद पडली ती बहुधा पेट्रोलची वाफ झाल्यामुळे. कार्बोरेटरच्या पंपाचा दाब जेमतेम तीन-चार पीएसआय असतो, इंजेक्शनचा चव्वेचाळीसच्या आसपास, आणि दाबाखालचे पेट्रोल इतक्या सहज उकळत नाही. हा त्रास तुमचा जवळजवळ संपेल.

मात्र तोच दाब जुन्या रबरी नळीला फाडतो. टाकीपासून रेलपर्यंतची आणि परतीची सगळी नळी बदला. एसएई ३०आर९ किंवा त्याहून वरच्या दर्जाची, इथेनॉल सोसणारी नळी मागा; नळीवर तसे छापलेले असते. सियागंजमध्ये "सब एकही है साहब" असे कोणी म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. क्लॅम्पही इंजेक्शनचे, कडा गुळगुळीत असलेले घ्या. साधा खाचांचा क्लॅम्प नळीत रुततो. इंजिन थांबले की पंप थांबलाच पाहिजे, ही व्यवस्था प्रत्येक चांगल्या ईसीयूत असते. पंपाच्या वायरवर धक्क्याने सुटणारा इनर्शिया स्विचही लावून घ्या. त्याला फारसा खर्च येत नाही.

आता मी जिथे सर्वांत जास्त वेळ देण्याचा आग्रह धरीन तो भाग: क्रँकचा ट्रिगर, म्हणजे क्रँकची जागा सांगणारे चाक आणि सेन्सर, आणि वायरिंग. ईसीयूला क्रँक नेमका कुठे आहे हे कळले नाही तर बाकी सगळे तक्ते फुकट. पुलीवर साठ दात आणि त्यांतले दोन गाळलेले, असे चाक बसवा. प्रत्येक दात सहा अंशांचा, आणि गाळलेल्या जागेवरून ईसीयू क्रँकची नेमकी जागा ओळखतो. चाक लेथवर पुलीसकट फिरवून सारखे करून घ्या, दात आणि सेन्सरमधले अंतर सगळीकडे एक मिलिमीटरच्या आत राहिले पाहिजे, आणि सेन्सरचा ब्रॅकेट इतका जाड हवा की हाताने दाबला तर हलू नये. डिस्ट्रिब्युटर काढून दोन-दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देणारा कॉइल पॅक लावा.

माझ्याकडे एकदा एक एस्टीम आली होती, तीवरही असेच स्वतंत्र इंजेक्शन बसवलेले होते. गाडी सुरेख चालायची, पण बरोबर ४२०० फेऱ्यांना जणू कोणी चावी काढून घेतल्यासारखी गप्प व्हायची आणि पुन्हा सुरू व्हायची. बसवणाऱ्यांनी दोनदा ईसीयू बदलला होता, एकदा इंजेक्टर. मी आधी लॉग, म्हणजे ईसीयूने टिपलेली नोंद, काढला. त्यात फेऱ्यांची रेष ४२०० ला एका क्षणात शून्यावर पडत होती, आणि इंजिन काही एका क्षणात थांबू शकत नाही. म्हणजे थांबत होता तो सिग्नल. बोनेटखाली पाहिले तर क्रँक सेन्सरची वायर नीटनेटकी दिसावी म्हणून प्लगच्या वायरींसोबत एकाच पट्टीत बांधली होती. ती सोडली, जाळीच्या आवरणाची वायर घेतली, आवरण फक्त ईसीयूच्या टोकाला ग्राउंड केले आणि इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने नेली. पाऊण तासाचे काम. त्या पट्टीची किंमत पाच रुपये असेल.

म्हणून ग्राउंडचा नियम पाळा: सगळ्या सेन्सरचे ग्राउंड ईसीयूला, ईसीयूचे ग्राउंड इंजिनाच्या ब्लॉकला, आणि बॉडीच्या रंगवलेल्या पत्र्याला काहीही नाही. आत येणाऱ्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर मॅनिफोल्डच्या तापलेल्या धातूत नव्हे, एअर क्लीनरनंतरच्या प्लास्टिकच्या नळीत बसवा. राजवाड्याच्या गर्दीत वीस मिनिटे अडकलेल्या गाडीत धातू सत्तर अंशांवर जातो, सेन्सर हवेऐवजी धातूचे तापमान सांगतो, ईसीयू हवा विरळ समजून पेट्रोल कापतो आणि हिरवा दिवा लागताच गाडी गचके खाते. वाइडबँड सेन्सर आडवा किंवा खाली तोंड करून बसवू नका; आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर उचललेला हवा, नाहीतर पाण्याचा थेंब तापलेल्या सेन्सरवर पडून तो तडकतो.

आता पेटी. तुम्हाला लागते ते इतके: इंजेक्टरचे दोन किंवा चार आउटपुट, इग्निशनचे दोन, दाबाचा सेन्सर, वाइडबँडची सोय आणि लॉग साठवता येणे. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी २००१ साली सुरू केलेल्या मेगास्क्वर्ट घराण्यातला लहान मायक्रोस्क्वर्ट नेमका एवढ्याच कामाचा आहे, दोन इंजेक्टर आणि दोन इग्निशन आउटपुटांचा, आणि त्याची माहिती उघडी असल्यामुळे ती कोणालाही वाचता येते. तुमचा ट्यूनर पोलंडच्या ईसीयूमास्टरशी सरावलेला असेल तर ईएमयू ब्लॅक घ्या, त्यात वाइडबँडचा कंट्रोलर आतच असतो. न्यूझीलंडच्या लिंकचा किंवा ऑस्ट्रेलियाच्या हॅलटेकचा लहान ईसीयूही उत्तम, थोडा महाग. मोटेकचा विचार करू नका. ते चांगले नाही म्हणून नव्हे, तर त्या पैशात तुमची नळी, पंप, वायरिंग आणि डायनोचे दोन दिवस होतात म्हणून. पॉवरट्रॉनिकसारखी पिगीबॅक पेटी मूळच्या ईसीयूचे सिग्नल वळवते. तुमच्या गाडीत मूळचा ईसीयूच नाही, तेव्हा तो विषय इथेच मिटला.

ट्यूनिंगच्या दिवशी मीटर लॅम्डामध्ये, म्हणजे पूर्ण जळायला लागणाऱ्या हवेच्या पटीत, ठेवायला सांगा, हवा-पेट्रोलच्या गुणोत्तरात नव्हे. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. आकड्यांची गल्लत तिथेच होते. लॅम्डा मात्र इंधन कोणतेही असो, एक म्हणजे एकच. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना १, पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८. हे काम डायनोवरच करा. रात्री बायपासवर मांडीवर लॅपटॉप घेऊन ट्यूनिंग करणारे लोक आपल्या शहरात आहेत, आणि त्यांना मी अनेकदा ओळख न दाखवता पुढे गेलो आहे.

कायद्याची बाजू तुम्ही विचारली नाही, पण सांगणे माझे काम आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांविषयी आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा आणि दोन्ही उत्तरे जपून ठेवा. पीयूसीत तुमच्या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. नीट ट्यून केलेले इंजेक्शन त्याच्या कितीतरी खाली राहील, पण धूर कमी असणे आणि परवानगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन लाखांची वाटणी माझ्या हातात असती तर ईसीयूवर मी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खर्च होऊ दिला नसता. जुना कार्बोरेटर विकू नका, खोक्यात भरून ठेवा. आणि पंधरा हजार रुपये डिसेंबरसाठी बाजूला काढा, कारण उन्हाळ्यात ट्यून केलेल्या गाडीचे थंड सुरुवातीचे तक्ते अंदाजानेच भरलेले असतात. त्यांची खरी परीक्षा पारा दहाच्या खाली गेलेल्या सकाळी होते. आदल्या रात्री गाडी अंगणात उघड्यावर उभी ठेवा आणि ट्यूनर येऊन लॅपटॉप जोडेपर्यंत चावीला हात लावू नका, कारण एकदा तापलेले इंजिन पुन्हा तितके थंड व्हायला दुसरी सकाळ उजाडावी लागते.